युर्लेदीला काय आवडायचं

माझ्या लेकीला, युर्लेदीला, बंदूकवाल्यांनी नदीवरून उचलून नेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती सापडलीच नाही. सापडली असती तर नऊ रात्री गाणी म्हणून तिला निरोप दिला असता. आमच्या अत्रातो नदीकाठी मेलेल्याला तसंच पाठवतात. ते राहिलं, आणि मी सांगत राहिले. शांततेसाठी झटणाऱ्या बायका देशोदेशींहून येतात, आणि आमचं महिला मंडळ मलाच पुढे करतं. जगाच्या कानावर गेलं तर पुढच्या पोरी वाचतील, म्हणून मी सांगते. दरवेळी तेच, इकडचा शब्द तिकडे होत नाही.

यंदा हैती, ग्वातेमाला, पेरूहून बायका आल्या. शाळेत खुर्च्या मांडल्या. मी उभी राहिले. होडी, तिचा पिवळा झगा, त्यांचे बूट, सगळं सांगितलं. समोर नाकं ओढणं सुरू झालं. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. खरं सांगू? तिकडे चुलीवर भात करपत तर नसेल ना, एवढंच मनात होतं.

पेरूच्या सातुर्निनाबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांचा मुलगाही असाच गेलेला. त्यांनी विचारलं, "बाई, पोरीला खायला काय आवडायचं हो?"

मी तोंड उघडलं. पुन्हा होडी आली, झगा आला, बूट आले. त्याच्या आधीचं काही आठवेना. ते कधी गेलं, मला कळलंच नव्हतं. भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

"मासे," मी ठोकून दिलं.

"मासे? काहीतरीच काय बाई!" मागून शेजारीण पास्तोरा ओरडली. "मासा बघून नाक मुरडायची भवानी! माझ्याकडे येऊन तळलेली केळी हादडायची. वर मलाच दम, काकू, आईला सांगायचं नाही हं!"

बायका हसल्या. मग दुसरीला तिचं नाचणं आठवलं. तिसरी म्हणाली, "आणि भर चर्चमध्ये पाद्रीबाबांची नक्कल केली होती ती? बाबा मागेच उभे!"

मी खाली बसले. कोणा दुसरीच्या पोरीचं ऐकावं तशी ऐकत होते. गमतीची होती पोरगी. मला आवडायला लागली.

"मग?" मी विचारलं. "बाबा काय म्हणाले?"

पास्तोराचं हसू थांबलं.

"एनेइदा," ती म्हणाली, "तूच तिला कान धरून माफी मागायला घेऊन गेली होतीस ग."