जिन्याखालची बाबागाडी

मी बाबागाडी बोलतेय. लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका घरात, जिन्याखाली मला घडी घालून ठेवलंय. उद्या कोणीतरी मला न्यायला येणार, म्हणून आजच बोलून घेते.

कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. राजश्रीच्या घरी आले तेव्हापासूनचं सगळं आठवतं. बाळ व्हायच्या आधी बाळासाठी काही आणायचं नाही, असा तिच्या सासूबाईंचा, कांताबाईंचा दंडक. त्यामुळे अन्वी जन्मली आणि मगच तिच्या बाबांनी, सुहासने, मला एका ओळखीच्यांकडून आणलं. माझं एक चाक तेव्हापासूनच कुरकुरतं.

राजश्री कॉलेजात शिकत होती. तिथलं वर्ष पुरं केलं की विद्यापीठ त्याचे क्रेडिट धरणार आणि तिला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात घेणार, असं ठरलेलं. सगळे विषय झाले होते, एकच राहिला होता. त्याची परीक्षा नेमकी बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी आली.

त्या सकाळी तिने माझ्या खालच्या टोपलीत पेनं ठेवली, दुपटं ठेवलं. पेपर संपेपर्यंत कांताबाईंनी बाळाला घेऊन बाहेर बसावं, असा तिचा बेत. सुहास कामावर जाता जाता म्हणाला, "आई, इथल्या बायका तिसऱ्या दिवशी ट्राम पकडतात."

"त्यांची हाडं वेगळी असतील," कांताबाई म्हणाल्या. मग सुनेच्या कानांना स्कार्फ बांधत समजुतीने म्हणाल्या, "अगं, परीक्षा काय पळून जातेय? सव्वा महिना झाला की जा."

वाईट नव्हत्या त्या. त्यांची धाकटी बहीण ओली बाळंतीण असताना गेली होती. ती भीती मनात ठेवूनच त्या डिंकाचे लाडू बांधून इतक्या लांब आल्या होत्या. राजश्रीने पेनं काढून घेतली. कॉलेजला फोनही केला नाही. सरांना बाळंतपणाचं काय सांगायचं, असं तिला वाटलं.

सव्वा महिन्याने आम्ही कॉलेजात गेलो. सर हळहळले. एक फोन केला असता तर तारीख पुढे दिली असती, म्हणाले. आता निकाल लागून गेले होते आणि तो विषयही बंद होणार होता. तिथून विद्यापीठात गेलो. तिथल्या बाई अन्वीकडे बघून छान हसल्या. पण वर्ष पुरं असेल तरच क्रेडिट धरतो, नाहीतर पहिल्यापासून सुरू करा, एवढंच त्यांनी सांगितलं. तोवर कांताबाईंचा व्हिसा संपत आलेला. बाळाला कोण बघणार? येताना ट्राममध्ये राजश्रीने माझी मूठ सोडलीच नाही.

पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, असं ती म्हणत राहिली. मग एकदा विद्यापीठाने कळवलं की इतके जुने क्रेडिट आता चालत नाहीत. अन्वी शाळेत जायला लागली होती. मी रिकामीच होते. राजश्रीने सगळी पुस्तकं माझ्यात भरून, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये नेऊन दिली.

आज दुपारी कांताबाईंचा फोन आला. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलतात.

"राजश्री, तुझी ती परीक्षा राहिली होती ना गं? दिलीस का नंतर?"

राजश्री पायरीवर बसली. हात माझ्या मुठीवर होता.

"दिली, आई. केव्हाच."

"बघ. मी म्हटलं नव्हतं?"

उद्या जी मला नेईल तिला माझं सांगणं एवढंच, की बाई, चाक कुरकुरलं तरी मी चालते. तुझी तारीख असेल त्या दिवशी मला दारात उभी ठेवू नकोस. राजश्रीला मात्र आता कुठे न्यावं, ते मलाही कळत नाही.