हात वर गेला आणि वरात निघाली

आधी सगळ्यांनी हात खाली घ्या बघू. समोर कुणाचा तळवा वर दिसला की माझा आवाज बंद पडतो, ही सवय माझ्या हाडीमाशी खिळली आहे. घेतले खाली? छान. मी कार्ल्याच्या गुलशन ब्रास बँडमधला क्लॅरोनेट बोलतोय. रंगाने काळा, अंगभर निकेलच्या चाव्या, आणि स्वभावाने थोडा ताठ. ताठ का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म मेरठचा. शिसवी लाकूड कातून मला घडवलं, पोकळ केलं आणि पेंढ्यात गुंडाळून पुण्याच्या एका दुकानात धाडलं. तिथे मावळातला बावीस वर्षांचा एक तरणाबांड गडी आला. त्याने चार क्लॅरोनेट फुंकून बघितले आणि चारही नाक मुरडून बाजूला सारले. पाचवा मी. मला फुंकलं आणि तो परत खोक्यात ठेवायलाच विसरला. कार्ल्यापर्यंतच्या एसटीत बाकीचं सामान टपावर होतं आणि मी त्याच्या मांडीवर. त्याचं नाव फकरुद्दीन.

पुढची तीसेक वर्षं मी मावळातल्या वरातींमधून चाललो. वाजलो म्हणण्यापेक्षा चाललो म्हणणंच बरं, कारण आमच्या धंद्यात बसून कुणी वाजवत नाही. लाल कोट घातलेले बारा जण, मध्ये फकरुद्दीन, मागे छातीवर मोठा ढोल बांधलेला महिपती. महिपती एरवी शेतकरी, पण लगीनसराईत त्याचा पाय घरात ठरायचा नाही. सुदुंबऱ्यापासून लोणावळ्यापर्यंत एकही आळी अशी नसेल जिथे आम्ही धूळ उडवली नाही. प्रत्येक वरातीत रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळणारा एक तरी पाहुणा असतोच, आणि तो नेमका नवऱ्याच्या मामाकडचा असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

माझ्या सुरांवर माणसं घामाघूम झाली. पण वाजवतंय कोण, असं कधी कुणी विचारलं नाही. फार तर, "बँडवाले जेवले का?" एवढं विचारायचे, आणि तेही शेवटची पंगत उठल्यावर.

फकरुद्दीनने स्वतःची एक धून बांधली होती. वरात मोठ्या रस्त्यावरून नवऱ्याच्या आळीत वळायची, तेव्हा ती वाजायची, म्हणून आम्ही तिला 'वळणावरची' म्हणायचो. सुरुवातीला ती रेंगाळते, आढेवेढे घेते, आणि वळण आलं की एकदम उसळी मारते. ती कुणाची आहे हेही कुणी विचारलं नाही. लोकांना वाटायचं, असेल कुठल्यातरी सिनेमातली. फकरुद्दीन यावर हसायचा. मला मात्र राग यायचा, आणि तो राग मी वरच्या पट्टीत काढायचो.

आता त्या हाताची गोष्ट. ढोलाच्या दणदणाटात तोंडाने सांगितलेलं ऐकू जात नाही, म्हणून आमच्या बँडमध्ये खुणा ठरलेल्या होत्या. डोक्यावर बोट गोल फिरवलं की वरात पुढे न्यायची. उघडा तळवा वर गेला की फुंक असेल तिथे तोडायची. वाटेत देऊळ येवो, मशीद येवो, दवाखाना येवो, कुणाच्या दारी दुखवटा असो, फकरुद्दीनचा हात वर जायचा आणि बारा वाद्यं एका क्षणात मुकी व्हायची. एकदा एका नव्या ट्रंपेटवाल्याने हात वर गेल्यावरही दोन सूर जास्तीचे फुंकले. समोरच्या घरात सकाळीच माणूस गेलं होतं. फकरुद्दीन टोपी काढून त्या अंगणात गेला आणि तिथल्या म्हातारीपुढे मान खाली घालून उभा राहिला. परत आल्यावर तो एवढंच बोलला, "वाजवाय कुणीबी शिकल. थांबाय शिकलं पायजे."

मग डीजे आला. टेम्पोभर डबे आणि पोटात कालवाकालव करणारा आवाज. त्याच्यापुढे माझी छाती ती केवढी! एक एक करून सुपाऱ्या गेल्या, लाल कोटांच्या गोधड्या झाल्या, महिपतीच्या घरी मोठ्या ढोलावर बियाण्याची पोती रचली गेली. फकरुद्दीनचे पुढचे दात पडले. क्लॅरोनेटवाल्याचे दात गेले की त्याचं सगळंच गेलं. मी खाटेखालच्या पेटीत पडून राहिलो आणि उंदरांनी माझ्या चावीखालची एक मऊ गादी कुरतडली. ते दिवस मी मोजले नाहीत.

पेटी उघडली ती त्याच्या नातीने, शहिस्ताने. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिने मला उलटा धरून फुंकलं, तेव्हा मी अपमानाने नुसता फुसफुसलो. खाटेवरचा फकरुद्दीन मात्र उठून बसला.

"आबा, शिकवा मला."

"बसून न्हाई शिकवणार. चल बांधावर. पायात ताल आला तर बोटात यील."

सात वर्षं तो तिला भाताच्या खाचरांच्या बांधांवरून चालवत राहिला. ती पुढे वाजवायची, तो मागून काठी टेकत, बोळक्या तोंडाने गुणगुणत यायचा. मध्येच पुढे येऊन हात वर करायचा. ती थांबली तर शाबासकी. अर्धा सूर जरी जास्त गेला, तर पुन्हा पहिल्या बांधापासून सुरुवात. शेवटी शेवटी तर रस्त्यापलीकडे कुणी एसटीला हात दाखवला, तरी तिची फुंक तुटायची. फकरुद्दीन खूश व्हायचा. मीही व्हायचो. पुढे काय वाढून ठेवलंय हे आम्हाला काय ठाऊक!

शहिस्ताचा बाप जावेद पर्यटकांची गाडी चालवतो. माणूस वाईट नाही. बँडने बापाला काय दिलं, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. लोणावळ्यातल्या एका गावरान थाटाच्या हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला जुन्या वस्तू हव्या होत्या. नांगर, कंदील, जातं असं सगळं त्याने जमवलं होतं. एक दिवस तो घरी आला, माझी लांबी मोजली आणि म्हणाला, "जात्याच्या बाजूला छान दिसेल." मी जात्याच्या बाजूला! कायमचा मुका!

त्याच आठवड्यात गावात अपेक्षा आली. दरवर्षी थंडीत, भात निघाल्यावर कार्ल्याच्या मोकळ्या खाचरांत जगसंगीताचा महोत्सव भरतो. नऊ देशांतले कलावंत येतात. त्यातली एक दुपार नव्या कलावंतांसाठी राखलेली असते आणि ती दुपार अपेक्षा सांभाळते. यंदा त्या नव्यांतल्या एकाची निवड होणार होती. बल्गेरियाहून आलेल्या रादका नावाच्या क्लॅरोनेटवादक बाईंच्या पथकाबरोबर जून महिन्यात त्यांच्या देशातल्या महोत्सवात वाजवायचं. अपेक्षाने बांधावर उभं राहून शहिस्ताचं वाजवणं ऐकलं आणि तिचं नाव लिहून घेतलं.

जावेदने लेकीला समोर बसवलं. "निवड झाली तर जा, मी आडवा येणार न्हाई. न्हाई झाली, तर ते लाकूड हॉटेलात जाईल आन् तू लोणावळ्यात नोकरी धरायची. परत ह्यो विषय न्हाई."

"कबूल," शहिस्ता म्हणाली. तिची बोटं माझ्याभोवती इतकी घट्ट आवळली होती की माझा जीव गुदमरला.

ती दुपार आली. महिपतीने बियाण्याची पोती उतरवून ढोल ताणून घेतला होता आणि कुठूनतरी लाल कोटही पैदा केला होता, फक्त बटणं पोटावर लागत नव्हती. मंच हा एवढा मोठा. समोर हजारभर माणसं. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून फकरुद्दीन, पाठीमागे गाडीला टेकून जावेद. शहिस्ताने 'वळणावरची' सुरू केली.

आणि माणसं ऐकत होती हो! कुणी नाचत नव्हतं, कुणी नवऱ्याला हार घालत नव्हतं. हजार माणसं नुसती ऐकत होती. उभ्या आयुष्यात मला हे माहीत नव्हतं. मी जीव ओतला. धून रेंगाळली, आढेवेढे घेतले, वळणाशी आली, आता उसळी मारणार, तोच मधल्या रांगेतल्या पाहुण्यांनी आनंदाने दोन्ही हात वर केले. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनीही केले. बघता बघता हजार माणसांचे तळवे आभाळाकडे.

शहिस्ताची फुंक तुटली. महिपतीची काठी हवेत थांबली. खरं सांगतो, तिने फुंक मारली असती, तरी मीच वाजलो नसतो.

हायवेवरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

"भाऊ, कुणाकडं दुखवटा आहे का?" शहिस्ताने महिपतीला हळूच विचारलं.

"लय मोठा दिसतुया," महिपती घाबरून म्हणाला. "समद्यांनीच हात वर केल्यात."

कडेने अपेक्षा धावत आली. "शहिस्ता, थांबलीस का? वाजव ना!"

"ताई, त्यांनी हात वर केलेत."

"अगं, आवडलं म्हणून केलेत! वाजव!"

शहिस्ताचा चेहरा पांढराफटक पडला. काय घडलं ते तिला कळलं, पण कळून उपयोग काय? तिने मला ओठांशी नेलं आणि तोंडाच्या वेताच्या पत्तीतून नुसती हवा गेली. पाय लाकडी फळ्यांना चिकटले होते, आणि आमच्या घराण्याचा ताल पायातच असतो. समोरचे हात एकेक करून खाली जाऊ लागले. मला भिंत दिसायला लागली, भिंतीवरचा खिळा दिसायला लागला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून फकरुद्दीन उठला. त्याने काठी खुर्चीला टेकवली, उजवा हात डोक्यावर नेला आणि बोट गोल फिरवलं.

"शहिस्ता! खाली ये! वरात कुटं मांडवात उभी ऱ्हाती व्हय?"

पोरीने माईक जागेवर सोडला आणि पायऱ्या उतरून ती खाचरात आली. पायाला माती लागली, धसकटं टोचली, आणि चौथ्या पावलाला सूर आला. कसा आला म्हणून सांगू! मला माईक कशाला हवा? मी रस्त्याचा माणूस आहे. महिपतीचा ढोल मागे दणाणला, वळण आलं आणि 'वळणावरची'ने अशी उसळी मारली की खुर्च्या रिकाम्या झाल्या. पुन्हा हजार हात वर गेले. या वेळी शहिस्ता त्या हातांखालून, हसऱ्या डोळ्यांनी, वाजवत चालत राहिली.

मंचामागून रादका आली, आपला क्लॅरोनेट घेऊन, तीही चालतच. एक आवर्तन तिने नुसतं ऐकलं, दुसऱ्याला आमच्या पावलात पाऊल टाकलं, तिसऱ्याला त्या धुनेला आपल्या गावाकडच्या अशा काही मुरक्या दिल्या की मी क्षणभर चाटच पडलो. मग मीही मावळी ठसक्यात उत्तर दिलं. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता आणि गप्पा मात्र रंगात आल्या होत्या. भज्यांच्या गाडीवरची झुंबरबाई झारा हातात घेऊनच नाचायला आली. आणि सांगायला हरकत नाही, एक पाहुणा रुमाल दातात धरून धसकटांत लोळला. कुठल्या देशातला होता कोण जाणे. बहुतेक मामाकडचा असावा.

निकाल रादकाने सांगितला आणि अपेक्षाने तो मराठीत केला. "मीसुद्धा लग्नात वाजवणारीच आहे. आमच्या गावात वादक मंचावर चढला तर लोक विचारतात, पाय दुखतात का? जूनमध्ये ही मुलगी माझ्या शेजारून चालेल." आणि मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मी कारकीर्दभर वाट पाहिली होती. "ही धून कुणाची?"

"माझ्या आबांची," शहिस्ता म्हणाली आणि तिने बोट दाखवलं. "फकरुद्दीन आबांची. कार्ल्याच्या."

अख्खं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. म्हातारा बावरला, इकडेतिकडे बघू लागला, आणि काही सुचेना म्हणून त्याने जन्मभराच्या सवयीची खूण केली. उघडा तळवा वर केला.

कुणीच थांबलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा फकरुद्दीनचा हात वर गेला आणि कुणीही थांबलं नाही. तो हात तसाच वर राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. गाडीपाशी जावेदही दोन्ही हात वर करून उभा होता.

आता माझी कुरतडलेली गादी बदलली आहे, पेटीत वेताच्या पत्त्यांची नवी डबी आहे आणि वर शहिस्ताचा कोरा पासपोर्ट. हॉटेलवाला परवा येऊन गेला, तेव्हा जावेदने त्याला त्या खिळ्यावर घड्याळ लावायला सांगितलं. जूनला निघायचंय. त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वरातीत माझा कुणी भाऊबंद दिसला, तर वाजवणाऱ्याचं नाव विचारा, आणि पंगत उठायच्या आधी त्याला जेवायला बोलवा.

बरं, इतका वेळ हात खाली धरून बसलात. आता करा वर, खुशाल करा. मी थांबत नाही.