पाच यानिस आणि एक परांची

सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि नाही बसला तरी माझं काही अडत नाही. ग्रीसमधल्या या डोंगरगावात एकोणतीस वर्षं लोक मला यानिस या त्यांच्या ग्रीक नावानं हाका मारतायत, आणि त्या नावाला मी एकदाही मान वळवलेली नाही. एकदाही! माझं नाव नेव्रूज. आल्बेनियात, वसंताच्या सणाला जन्मलो म्हणून आजानं ठेवलेलं.

तर परवा मंगळवारी माझी पोरगी ब्रिकेना अथेन्सहून आली. ती सिनेमे करते, नटनट्या नसलेले, खऱ्या माणसांचे. दोन वर्षं कॅमेरा घेऊन माझ्यामागं हिंडली. बाप दगड फोडतोय, बाप पाव खातोय, बाप खोकतोय, सगळं टिपलं. आता येत्या शनिवारी ते गावच्या सभागृहात दाखवायचं ठरलंय. अंगणात अक्रोडाखाली बसून तिनं आधी मला दाखवलं. पहिल्याच चित्रात माझं थोबाड, आणि खाली अक्षरं: 'यानिस, गवंडी'.

कॉफीचा पेला मी असा आपटला की मांजर छपरावर गेलं.

"बापाचं नाव विसरलीस, की अथेन्समध्ये लाज वाटते?"

"ओरडू नकोस, बाबा." तीही माझीच पोर, तिचाही आवाज चढला. "गावात चाळीस जणांना विचारलं, नेव्रूजनं बांधलेली घरं कुठली? चाळीसही जण म्हणाले, कोण नेव्रूज? यानिस म्हटलं, तर हाताला धरून भिंतीभिंतीपाशी नेलं. काय लिहू मी?"

"त्यांच्या तोंडात माती! नेव्रूज लिही."

"लिहिते. पण ते नाव तुला कसं चिकटलं ते कॅमेऱ्यापुढं सांग. खरं सांगायचं. थापा मारल्यास तर यानिसच राहील, आणि शनिवारी अख्खं गाव वाचेल."

माझी बायको झेनेपे पायरीवर पालक निवडत होती, ती फिसकन हसली. मी तिकडं काणाडोळा केला, घसा खाकरला आणि सुरू झालो.

"पहिल्या दिवशी ठेकेदार पेरिक्लीसनं विचारलं, नाव काय? म्हटलं, नेव्रूज. म्हणाला, ही शिंक झाली, नाव सांग. आणि एक जुनं हेल्मेट माझ्या डोक्यावर आदळलं. त्यावर रंगानं आधीच लिहिलेलं, यानिस. म्हणाला, हेल्मेटावरचं खोडायला रंग नाही, तूच बदल. पोरी, एका परांचीवर आम्ही पाच यानिस, पाचही आल्बेनियाचे! लंबू यानिस, दातपडका यानिस, गाणारा यानिस, आणखी एक नुसताच यानिस, आणि मी. पेरिक्लीस खालून बोंबले, हाकेत यानिसचं यानी करून, 'यानीऽऽ!' चौघं वळायचे, मी नाही. मग तो मला खडा मारायचा. रोज एक. ते सगळे खडे मी जपले आणि त्यांतून कोंबड्यांचं खुराडं बांधलं..."

"बाबा, खुराडं पत्र्याचं आहे."

"बरं, खुराडं सोड. दिलावरचं घे. लंबू यानिस म्हणजे आपला दिलावर." आता माझाच आवाज मला ओळखू येईना. "फळी ओली, कमरेला दोर नाही. तिसऱ्या मजल्यावरून गेला. पेरिक्लीसनं इस्पितळात नाव सांगितलं, यानिस. आडनाव? माहीत नाही. पाच दिवसांनी त्याची बायको सरहद्द ओलांडून आली, तर खिडकीतला माणूस म्हणतो, दिलावर नावाचं इथं कुणी आलंच नाही. आलंच नाही! ती बाई दारात बसून, आणि आत तिचा नवरा यानिस होऊन बर्फात पडलेला. मी जाऊन ओळख पटवली. परत कामावर आलो, तर पेरिक्लीस काय म्हणाला ठाऊक आहे? 'चार यानिस उरलेत ना, मग काम कशाला थांबवलंत?' माझा हातोडा वर गेला होता, पोरी. खाली आणला, कारण तू तेव्हा दीड वर्षांची होतीस. पण हात अजून वरच आहे माझा!"

झेनेपेनं पालकाची जुडी मांडीवर तशीच धरली होती.

"म्हणून सांगतो, त्या नावाला मी वळलो नाही. परांचीवर नाही, बाजारात नाही, झोपेत नाही. त्यांचं नाव त्यांनी त्यांच्याकडं ठेवावं! लिही, नेव्रूज, गवंडी. झालं!"

मी उठलो आणि ताडताड फाटकाकडं निघालो. बापानं रागावून जायचं असलं की असं जावं. अर्ध्या अंगणात पोचलो असेन, मागून हाक आली.

"यानी!"

"काय गं?" म्हणत मी वळलो.

झेनेपे पायरीवरून उठली होती. मांडीवरचा पालक जमिनीवर सांडला होता, आणि कॅमेरा चालूच होता.

"थापाड्या!" ती कडाडली. "गेल्या वर्षी शिडीत पाय अडकून मी उलटी लोंबकळत होते. नेव्रूज, नेव्रूज म्हणून घसा फोडला, तर तू चार हातांवर दगड घडवत बसलेला. शेवटी यानी म्हटलं, तेव्हा धावलास. सांग ना पोरीला! तुझ्या कानातून तुझं नाव काढून नेलं त्यांनी, मेल्यांनी, आणि तू म्हणतोस वळलो नाही?"