पाचव्या दगडाच्या पुढे

मी सायकलचा मागचा टायर बोलतोय. मागचा असं मुद्दाम सांगतो, कारण पुढच्याला सगळे ओळखतात. वाट दाखवायची त्यानं, वळायचं त्यानं. ओझं मात्र माझ्या अंगावर, आणि झिजायचंही आधी मीच. तक्रार नाही करत. मागे राहणाऱ्याला माणसांच्या पाठी दिसतात, आणि पाठी फारसं खोटं बोलत नाहीत.

एका कारखान्याच्या तापलेल्या साच्यात माझा जन्म झाला. डांबरी रस्त्याचे टायर गुळगुळीत असतात, माझ्या अंगावर मात्र बारीक बारीक गाठी उठवल्या होत्या. खडीवरून, मुरमावरून, नदीकाठच्या ओल्या मातीवरून जायचं तर पकड हवी. पुढचे सात महिने मी पंक्चरकाकांच्या दुकानात खुंटीवर लटकून काढले. येणारा जाणारा मला बोटानं टोचून बघायचा आणि पुढे जायचा.

एके दुपारी एक बाई सायकल ढकलत आल्या. जमीनमोजणीच्या कार्यालयात त्या नोकरीला. मागचा टायर काचेवर फाटला होता.

"मॅडम, तुमच्या टायरसारखा रुंद संपलाय," काका म्हणाले. "हा थोडा अरुंद आहे, पण चिवट आहे. लावू का?"

बाई काही विचारणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या थोरल्या भावाच्या छातीत दुखू लागलं होतं, त्याला दवाखान्यात नेलं होतं. बाईंनी "लावा, लावा" म्हटलं आणि मला बसवल्या बसवल्या त्या निघाल्या. त्या दिवशी आम्ही दवाखान्यापर्यंत कसे पोचलो, माझं मलाच ठाऊक. नवा टायर मी, पहिल्याच दिवशी तीन गतिरोधक न थांबता ओलांडले.

या बाई प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत. साखळीला तेल कधी दिलं, हवा किती भरली, सगळं. त्या दिवशी मात्र वहीत काहीच लिहिलं गेलं नाही. पुढे जे झालं ते एवढ्यामुळेच.

भाऊ बेकरीवाले. बहिणीला ते इंचबाई म्हणत, ती त्यांना दादा. चौकातली त्यांची बेकरी तीस वर्षांची, भट्टी स्वतः सांभाळायचे. शस्त्रक्रिया झाली, दादा घरी आले, पण डॉक्टरांनी भट्टीजवळ उभं राहायला मनाई केली. बऱ्याच महिन्यांनी डॉक्टरांनीच एक अट घातली. हळूहळू सायकल चालवायची. पंधरा दिवस सलग, तासाभरात दहा किलोमीटर, धाप न लागता जमलं, तर भट्टीपाशी परत जाता येईल. नाही जमलं, तर बेकरी दुसऱ्याला चालवायला द्यायची असं वहिनींनी ठरवलं होतं. दादांनी मान हलवली होती, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

"माझी सायकल घे," इंचबाई म्हणाल्या. "नदीकाठची खडीची वाट मी तुला मोजून देते."

"फोनमध्ये दिसतं की अंतर."

"फोन झाडाखाली गेला की थापा मारतो. मी हातानं मोजीन."

आमच्या उपनगराच्या मागून ती वाट जाते. पुलाखालून सुरू होते. तिथे खडी जाड आणि टोकदार, कधीतरी पाण्याची नळवाहिनी टाकताना ओतलेली. पुढे घरांच्या मागच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली रोपं. मग बारीक गोल दगडगोटे. त्यांच्यावरून गेलं की मला गुदगुल्या होतात. शेवटी तांबडा मुरूम, आणि टोकाला बंद पडलेलं पंपघर.

बाईंनी माझ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका लावला. सायकल हातात धरून त्या चालायच्या, ठिपका खाली आला की एक फेरा. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: मागच्या चाकाचा एक फेरा, दोन मीटर सत्तावीस सेंटिमीटर. चारशे चाळीस फेरे आणि वर अर्धा, म्हणजे एक किलोमीटर.

पण ते माप माझं नव्हतंच! ते त्या फाटलेल्या रुंद टायरचं. माझा फेरा सव्वासहा सेंटिमीटरनं कमी. दर फेऱ्याला मी मनात म्हणत होतो, बाई, मला मोजा, वहीला नको. रबराचा आवाज कोण ऐकतो? दोन रविवार खपून त्यांनी पाच दगड मांडले, चुन्यानं रंगवले, आकडे घातले.

"पाच जायचं, पाच यायचं," त्यांनी दादांना बजावलं. "पाचव्या दगडाला वळायचं. एक हातही पुढे जायचं नाही."

"बरं बाई. वाटेत शिंकलो तर तेही लिहायचं का?"

"किती वेळा ते लिही."

पहिले काही दिवस दादा पहिल्याच दगडाशी टेकले. मला त्यांचं वजन कळायचं. माणूस घाबरला की सीटवर जास्त जड बसतो. दुसरा दगड, मग तिसरा. चौथ्या दगडाजवळ एक म्हातारा कुत्रा भुंकत यायचा. एके दिवशी तो भुंकलाच नाही, नुसती शेपटी हलवली. दादा आता त्याला घरचे झाले होते.

मग ते पंधरा दिवस सुरू झाले. पहिल्या दिवशी पाचव्या दगडाशी दादा थांबले. मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. "वर एक," असं पुटपुटले आणि सरळ पंपघरापर्यंत गेले. भिंतीवर तळहात थापटला आणि परतले. रोज तेच. बेकरीतही ते डझनभर पावांच्या पिशवीत एक जास्तीचा टाकायचे, आणि वहिनी रोज ओरडायच्या.

पंधराव्या दिवशी माझ्या अंगातून दोरे दिसायला लागले होते. बाई दुपारीच मला काकांकडे घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी दहा वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं.

"असाच अरुंद देऊ की पहिल्यासारखा रुंद?" काकांनी विचारलं. "आता आलेत रुंद."

"पहिल्यासारखा म्हणजे?"

"मॅडम, पहिला रुंदच होता की. विसरलात?"

बाईंनी पर्समधून टेप काढली, ठिपका जमिनीला लावून मला फरशीवर एक फेरा फिरवला. मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं.

नवा टायर बसवला, तरी त्यांनी मला टाकू दिलं नाही. खांद्यावर अडकवून थेट दादांच्या घरी आणलं. वहिनी दादांचा भट्टीवरचा पांढरा एप्रन इस्त्री करत होत्या. बाईंनी तो बघितला. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. मी त्यांच्या खांद्यावर होतो, मला त्यांचा श्वास कळत होता.

"दादा, माझं माप चुकलं. तू दहा करत नव्हतास. नऊ किलोमीटर सातशे पंचवीस मीटर करत होतास. सगळे पंधरा दिवस."

इस्त्री थांबली. दादा खुर्चीत बसले. त्यांनी बहिणीकडे बघितलं, मग वहिनींकडे, आणि चोरी पकडली गेल्यासारखं कान खाजवू लागले.

"रागावणार नसशील तर एक सांगू? मी तुझ्या दगडाला कधी वळलोच नाही."

"म्हणजे?"

"पंपघराच्या भिंतीला हात लावून येतो. रोज."

"एक हातही पुढे जायचं नाही म्हटलं होतं ना मी!"

"डझनावर एक टाकल्याशिवाय हात आवरतच नाही गं."

"याच खोडीनं दुकान बुडेल म्हणून मी तीस वर्षं ओरडतेय," वहिनी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

इंचबाईंचा अशा तोंडी हिशेबावर कुठला विश्वास! दुसऱ्या दिवशी उजाडताच लांब पोलादी टेप घेऊन तिघंही नदीवर गेली. मी हँडलला अडकवलेला होतोच. पाचव्या दगडापासून भिंतीपर्यंत एकशे त्रेसष्ट मीटर. कमी पडत होते एकशे अडतीस. बाईंनी पुन्हा मोजलं. मग त्या दगडावरच बसल्या आणि हसता हसता रडल्या.

"पंचवीस मीटर जास्तच भरतंय रे."

"गिऱ्हाइकाला कमी कधी दिलंय का आपण?"

डॉक्टरांनी सकाळचा अर्धा दिवस भट्टीपाशी जायची परवानगी दिली. इस्त्री केलेला एप्रन दादांच्या अंगावर चढला.

आता मी बेकरीच्या मागच्या दाराशी भिंतीला ठोकलेला आहे. पिठाची हातगाडी येऊन आदळते ती माझ्यावर, म्हणून भिंत वाचते. माझा पांढरा ठिपका अजून दिसतो. दिवसभर पावाचा वास येतो. झिजलेल्या टायरला याहून काय हवं?

बाईंनी पाचही दगड हलवून बरोबर जागी मांडले. वहीच्या पहिल्या पानावर नवं माप लिहिलं, खाली तारीख घातली. रविवारी आता बहीणभाऊ दोघंही जातात. परत आल्यावर दारात सायकली टेकवतात तेव्हा मी बघतो, बाईंच्या तळहाताला पंपघराच्या भिंतीचा चुना लागलेला असतो. वहीत मात्र त्या दहाच लिहितात.

तुम्हीही कधी त्या खडीच्या वाटेनं गेलात, तर पाचव्या दगडाशी लगेच वळू नका. भिंत जवळच आहे. तिला माझ्या वतीनं एकदा हात लावा, आणि घरी गेल्यावर आपल्या मागच्या टायरकडेही जरा बघा.