देवाचं घोडं दारावरून गेलं

चंपाषष्ठी व्हायची होती आणि माझ्या लेकानं, दस्तगीरनं, घरात वांगी आणली. चांगली पिशवीभर. ओट्यावर ओतून मला म्हणतो, "आज भरली वांगी कर, अम्मा."

चातुर्मास बसला की आमच्या घरात वांगं येत नाही. षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा दाखवायचा, मग आपण तोंड लावायचं. सासूनं मला हे शिकवलं, तिला तिच्या सासूनं. मी ती वांगी उचलली आणि शेळीपुढं टाकली.

"तुझा बाप तापातनं उठला तरी त्यानं कधी वांगं मागितलं नाही. तुझी जीभ कधीपासून एवढी सैल झाली रे?"

"लोक हसतात, अम्मा. मुलाण्याच्या घरात कसला आलाय चातुर्मास?"

"कोण हसतं? नाव सांग. त्याच्या दारात जाऊन मी पण हसून येते."

तो हात धुऊन दुकानाला गेला.

तालुक्याला त्याचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं दोन तऱ्हेची माणसं येऊन बसतात. एक सांगतात, मुसलमानानं कपाळाला भंडारा लावणं पाप. दुसरे सांगतात, आमच्या देवाच्या घोड्याला मुलाण्याचा हात कशाला? एकमेकांच्या सावलीला उभी राहत नाहीत ही माणसं, पण माझ्या दारच्या घोड्यावर त्यांचं एकमत झालेलं.

खंडोबाचं घोडं आमच्या दारात बांधलेलं असतं. त्याचं दाणावैरण, आंघोळ, आजारपण सगळं आमचं. षष्ठीला पालखी देवळातनं निघते ती आमच्या दारात थांबते. मी घोड्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, लगाम घरच्या पुरुषाच्या हातात द्यायचा आणि पहिला येळकोट मी करायचा. मग गाव. माझी सासू देवाला मल्लूखान म्हणायची, गुरव मल्हारी म्हणतो. घोडं दोघांचं एकच.

आदल्या दिवशी दस्तगीरनं घोडं सोडलं. "नाल ठोकून आणतो. रात्रभर देवळातच बांधतो, उद्या पालखीबरोबर येईल दारात," म्हणाला. जाताना त्यानं घोड्याची मान थोपटली. मला बरं वाटलं. म्हटलं, आलं पोरगं ठिकाणावर.

षष्ठीला वांगी भाजून भरीत केलं, बाजरीचे रोडगे थापले. एक रोडगा घोड्याचा म्हणून बाजूला ठेवला. भंडाऱ्याची वाटी घेऊन उंबऱ्यात बसले.

संबळ वाजत आला. पुढं घोडं. लगाम कुणा नव्या फेट्यावाल्याच्या हातात, माझ्या ओळखीचा नाही. दस्तगीर कुठं दिसेना. घोडं आपलं सवयीनं दारात थांबलं आणि रोडग्यासाठी मान पुढं केली. फेट्यावाल्यानं हिसडा दिला. परत थांबलं. त्यानं परत हिसडा दिला. मी वाटी घेऊन उठेपर्यंत पालखी दारावरून पुढं गेलीसुद्धा. ज्यांची बाळंतपणं मी केली, त्यांची पोरं खाली बघून चालत होती.

मागनं गुरवाची यमुना आली. माझ्या हातातली वाटी बघून थबकली.

"भाबी, तुम्हीच सोडलंत ना?"

"काय सोडलं?"

"घोड्याचा मान. दस्तगीरनं देवळातल्या बैठकीत सांगितलं, अम्मा थकली, तिला आता धर्माचीही भीती वाटते, राजीखुशीनं सोडते म्हणाली." तिनं पदर तोंडाला लावला. "आमचे हे भांडायला उठले होते हो. शपथ. पण तुमचंच नाव आलं म्हटल्यावर खाली बसले. म्हणाले, हौसाबीच नको म्हणतेय, तर मी कुणासाठी भांडू?"

मी वाटीतला भंडारा तिच्या ओटीत घातला. तिचा त्यात काय दोष?

दिवस कलल्यावर दस्तगीर आला. चप्पल काढून कोपऱ्यात बसला. मी विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"ते काढूनच घेणार होते, अम्मा. भर गावात तुझ्या हातातनं लगाम ओढला असता. ते मला बघवलं नसतं. आपण होऊन दिलं की अब्रू राहते."

"आणि मला विचारायचं?"

"तू हो म्हणाली असतीस का?"

"तुला ठाऊक होतं तर."

मी ताट वाढलं. भरीत वाढलं, आणि घोड्यासाठी ठेवलेला रोडगा त्याच्या ताटात टाकला.

"खा. आज चालतं. गावानं नैवेद्य दाखवला."

त्यानं हात लावला नाही. मी समोर बसले आणि त्याच्या तोंडाकडं बघून सांगितलं,

"त्यांनी लगाम ओढला असता ना, तर ओढणाऱ्याचं तोंड गावाला दिसलं असतं. गुरव उठला असता. त्याच्या मागं आणखी कुणी उठलं असतं. नसतं कुणी उठलं, तरी घरी जाऊन त्यांना घास गिळवला नसता. तू माझं नाव सांगितलंस आणि सगळ्यांना मोकळं केलंस. आज गावभर लोक पोटभर भरीत खातायत. दस्तगीर, माझं नाव तू एकदा खोट्याला वापरलंस. मी मेल्यावर फातेहा देताना ते तुझ्या तोंडी नको. गुरवाला घेऊ दे."