त्रेचाळीस नंबरचं नाणं

संग्रहालयात तिला सगळे चिठ्ठीताई म्हणत, कारण कपाटांतल्या वस्तूंखालच्या चिठ्ठ्या तीच लिहायची. सव्वीस वर्षं तिने दुसऱ्यांनी सांगितलेलं सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. त्या दुपारी मात्र तिला स्वतःला काहीतरी सापडलं आणि ती अशी ताडकन उठली की चहाचा कप टेबलावर आडवा झाला.

झालं होतं असं. जुन्या संस्थानाची एकाच जातीची बासष्ट चांदीची नाणी संग्रहालयात होती. साहेबांनी त्यातलं सगळ्यात सुबक, मधोमध छापलेलं एक कपाटात ठेवलं आणि उरलेली एकसष्ट ‘जादा’ ठरवून सकाळीच सोनाराकडे धाडली. संग्रहालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांचं तबक करायचं होतं. सोनार म्हणजे चिठ्ठीताईचा सख्खा भाऊ. नाणी जाण्याआधी तिने एकेकावर पातळ कागद ठेवून, पेन्सिल घासून छाप उतरवून घेतले होते आणि कागदांना नंबर दिले होते. कोणी सांगितलं नव्हतं. खोड, दुसरं काय!

ते कागद ती खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून बघत होती. त्या टांकसाळीत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असे. हातोडा बसेल तेवढाच तुकडा उमटायचा. कुणावर घोड्याचं तोंड, कुणावर नुसतं शेपूट. सरकवता सरकवता कागद जुळायला लागले. ठशाला एक आडवा तडा गेलेला होता, तो सगळ्यांवर तोच, तिथल्या तिथे. म्हणजे सगळी नाणी एकाच ठशाची! आणि त्रेचाळीस नंबरचं, सगळ्यात वेडंवाकडं छापलेलं, त्यावर पार कडेला दोन आकडे: अडुसष्ट.

“अगं बाई!” ती एकटीच ओरडली.

कारण पुस्तकांत लिहिलं होतं, टांकसाळ साठ सालीच बंद झाली. बड्या सरकारचा हुकूम आला आणि राजाने मुकाट्याने मान डोलावली. गरीब गाय म्हणून त्या राजाची आजवर थट्टा होत आली होती. आणि हा पठ्ठ्या पुढे आठ वर्षं गुपचूप नाणी पाडत होता! ठसा कोरणाऱ्याने साल खोटं कोरलं नाही, पण नीट छापलेल्या नाण्यावर दिसेल असंही कोरलं नाही. एकदाच कुणाचा तरी हात चुकला. त्या धांदरटाचं भलं होवो, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

साहेबांनी कागद पाहिले आणि चष्मा काढला. “ताई, पेन्सिलीने मीही आकडा काढून दाखवीन. नाणं कुठाय?”

“दादाकडे.”

“मग फोन करा!”

“भट्टी पेटली की त्याला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही, साहेब.”

साहेब उठलेच. शिंप्याच्या दुकानावरून, छापखान्यावरून दोघं धावत सुटली. पुढे ती, मागे एक हात पोटावर धरून साहेब. इतक्या वर्षांत त्यांना कोणी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं.

“वितळवलीस का रे?” ती दारातूनच किंचाळली.

“वीस झाली. हा काय गोळा,” दादा म्हणाला. “दुसरी वीस आत्ता मुशीत टाकलीत.”

“काढ आधी बाहेर!”

तिचा चेहरा बघून दादाने काही विचारलं नाही. चिमट्याने मूस उचलून त्याने फरशीवर पालथी केली. फडक्यातली उरलेली एकवीस नाणी तिने भराभर उलटीपालटी केली. नाही. मग ती फरशीवरच्यांकडे वळली. तापलेली होती, पण थांबायला वेळ कुणाला होता? नववं की दहावं. अर्धा घोडा, तडा, कड.

“सापडलं!”

“अगं, बोट भाजलं ना! चिमटा काय शोभेला ठेवलाय मी?” दादा ओरडला.

साहेबांनी चिमट्याने नाणं धरलं आणि दादाचं भिंग डोळ्याला लावलं. “अडुसष्ट,” ते पुटपुटले. मग मोठ्याने, “अडुसष्ट! अहो, अडुसष्ट!” आणि त्यांनी दादालाच कवटाळलं. चिठ्ठीताई हसत होती, रडतही होती, आणि भाजलेलं बोट तोंडात होतं.

दादाला सोडल्यावर साहेबांची नजर गोळ्यावर गेली. ते स्टुलावर बसले.

“सुबक तेवढं ठेवायचं, बाकी द्यायचं. हा नियम माझाच, ताई. तीस वर्षं. आणखी काय काय गेलं असेल हो?”

फरशीवरची नाणी ती चिमट्याने एकेक करून उचलू लागली.

“हा गोळाही कपाटात ठेवायचा. त्रेचाळीसच्या शेजारी. चिठ्ठी लिहा.”

तिने पेन धरायला बोट पुढे केलं. त्यावर टप्पोरा फोड आला होता. साहेबांनी पेन घेतलं आणि दादाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर स्वतः लिहिलं: ‘याच ठशाची वीस नाणी. वितळवण्याचा हुकूम माझा होता.’ खाली पूर्ण सही केली.

अक्षर भयंकर होतं. चिठ्ठीताईने ते पान तसंच कपाटात लावलं.