जाळीवरचा बर्फ

चारुदत्तरावांनी नवी गाडी घेतली तेव्हाच माधवीच्या मनात पाल चुकचुकली. विनिपेगमध्ये पंचवीस वर्षं ज्यांनी सेकंडहँड गाड्यांवर काढली, टी-बॅग दोनदा बुडवून वापरली, त्यांना रिटायर झाल्यावर असली गाडी सुचावी? आणि हट्ट कशाचा, तर म्हणे अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल हवाच! एकदा वेग ठरवून दिला की गाडी आपली आपण पळते, पुढची गाडी हळू झाली की स्वतःच ब्रेक लावते, ती लांब गेली की पुन्हा वेग घेते. "पायाला काही कामच नाही बघा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. पायाला. माधवीने तो शब्द मनात नीट गाठ मारून ठेवला.

बरं, हे गृहस्थ कसे, तर नवा कुकर आणला तरी त्याच्याबरोबरचं पुस्तक वाचल्याशिवाय शिट्टी लावू न देणारे. गाडीच्या पुस्तकात तर स्वच्छ लिहिलं होतं की निसरड्या रस्त्यावर, बर्फात हे वापरू नका. माधवीने पानात खूण घालून पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"अगं, वकिलांच्या भीतीने लिहितात ते," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

छापील पुस्तकाला धुडकावणारा नवरा तिने सदतीस वर्षांत पाहिला नव्हता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

नाताळच्या सुमारास बेसमेंटमध्ये काचेचा ग्लास फुटला. थोड्या वेळाने चारुदत्तराव वर आले आणि जिन्याच्या कार्पेटकडे बघून म्हणाले, "हे रक्त कुणाचं?" प्रत्येक पायरीवर एक डाग, आणि शेवटचा डाग त्यांच्याच उजव्या पायाखाली. टाचेत काचेचा तुकडा रुतलेला, आणि यांना पत्ता नाही!

"थंडीने बधिर झाला असेल पाय."

बेसमेंटमध्ये हीटर चालू होता. कसली डोंबलाची थंडी! त्यांच्या डायबेटिसला वीस वर्षं झालेली. डॉक्टरकडे जाताना ते हल्ली एकटेच जायचे आणि परत येताना 'सगळं ओके' एवढंच घेऊन यायचे.

एरवी तिने हेही गिळलं असतं. पण त्यांच्या मुलीची, ऊर्मीची, बाळंतपणाची वर्षाची रजा संपत आली होती. सोमवारपासून तिच्या चिमुकल्या निमिषला डे-केअरला न्यायचं-आणायचं काम आजोबांनी हौसेने अंगावर घेतलं होतं.

"मी नेते त्याला," माधवी म्हणाली.

"तू? तुला लेन बदलताना घाम फुटतो."

ते खरंच होतं. तिने ऊर्मीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, यू वरी टू मच. डॅड इज द सेफेस्ट ड्रायव्हर आय नो." संपलं. लेकीला बाप म्हणजे देव, आणि आई म्हणजे कटकट.

शनिवारी ब्रँडनला अरुणाकडे, माधवीच्या मैत्रिणीकडे, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दोन तास जायला, दोन तास यायला. जाताना गाडी जिथे जिथे थांबली तिथे तिथे चारुदत्तराव उतरले आणि पुढच्या जाळीवरचा एक चौकोन रुमालाने पुसून आले. काचेवर बर्फ तसाच, दिवे मळलेले, आणि हे आपले तेवढाच चौकोन पुसताहेत, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला पुसावं तसे. पुढची गाडी दिसावी म्हणून तिथे गाडीचा डोळा बसवलेला असतो, हे माधवीने पुस्तकात वाचलं होतं. तो झाकला गेला की क्रूझ बंद.

परतताना दुपारी ते पेट्रोल भरायला थांबले. चारुदत्तरावांनी चौकोन पुसला आणि ते वॉशरूमला गेले. माधवी खाली उतरली. चाकामागे साचलेला काळा, ओला बर्फ तिने हातमोज्यात घेतला आणि त्या चौकोनावर दाबून दाबून थापला. तिला फक्त बघायचं होतं. क्रूझ बंद पडेल, ते पाय पुढे करतील, आणि आपण त्या पायाकडे बघू, एवढंच तिच्या मनात होतं. रस्ता मोकळा होता. ती आत येऊन बसली आणि तिने पट्टा लावला.

दहा मिनिटं काहीच झालं नाही. ऐंशीवर क्रूझ लावून चारुदत्तराव तिळाच्या वडीबद्दल बोलत होते. लांब पुढे बर्फ काढणारा ट्रक संथपणे चालला होता, त्याचा पिवळा दिवा फिरत होता. तेवढ्यात टिंग टिंग झालं आणि डॅशबोर्डवर अक्षरं उमटली. क्रूझ बंद.

आणि मग माधवीने ते पाहिलं. चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस रस्त्यावरची नजर काढून खाली वाकला. ब्रेक कुठे आहे ते डोळ्यांनी शोधायला! पाय सापडला, पेडल सापडलं, त्यांनी दाबलं.

गाडी थांबायची ती गुरगुरली आणि ट्रकच्या दिशेने उसळली.

"अहो!" माधवी किंचाळली. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि आपल्या बाजूला ओढलं. गाडी घसरली, आडवी झाली आणि कडेच्या खोलगट बर्फात भसकन रुतली. काचेवर पांढरं, खिडकीवर पांढरं. दोघंही सुखरूप होते.

"ब्रेक लागला नाही," चारुदत्तराव म्हणाले. चेहरा पिठासारखा झालेला. "फॉल्टी आहे गाडी. सोमवारी जाऊन डीलरला चांगला फैलावर घेतो."

इंजिन ओरडत होतं. चाकं बर्फात जागच्या जागी गरगर फिरत होती.

"अहो," माधवी हळूच म्हणाली, "पाय बघा तुमचा."

त्यांनी खाली पाहिलं. बूट अजून ॲक्सिलरेटरवर होता, पूर्ण दाबलेला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला. इंजिन शांत झालं.

"कधीपासून?"

"सप्टेंबर." ते बाहेर बघत राहिले. "डॉक्टर म्हणाले, लायसन्सवाल्यांना कळवावं लागेल. मी म्हटलं, थोडं थांबा. नंतर गेलोच नाही त्यांच्याकडे, जातो सांगून नुसता फिरून यायचो." मग एकदम त्यांची मान वळली. इंजिनिअरच ते. "पण मी पुसलं होतं. पंपावर, स्वतः. लगेच एवढा बर्फ कसा साचेल?"

माधवीने हातमोजे मांडीवर ठेवले. उजव्या मोज्याचा तळवा काळा झाला होता. ते त्या मोज्याकडे बघत राहिले.

"तू?" त्यांचा आवाज चढला. "वेड लागलंय का तुला? मेलो असतो आपण! आणि हे करून तू माझ्या शेजारी येऊन बसलीस?"

"मग कुणाला बसवायला हवं होतं?" माधवीला रडू फुटलं. "निमिषला?"

चारुदत्तरावांनी गाडीची किल्ली तिच्या मांडीवर, त्या काळ्या मोज्यावर ठेवली.